पेटी माल

मुलगी तेव्हा तिसरीत होती. रविवारची दुपार होती, मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि ती शेजारी स्टुलावर बसून मला धडा वाचून दाखवत होती. वाक्याच्या मध्येच ती थांबली. शब्द अडला असेल म्हणून मी थोडी वाट पाहिली. मग वळून पाहिलं तर तिची नजर पुस्तकावर नव्हती. डोळे जरा वर गेले होते, पापण्या बारीक फडफडत होत्या आणि तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं तसंच उघडं होतं. मी हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा हाक मारणार तेवढ्यात ती वाचू लागली, जिथे थांबली होती तिथूनच.

"काय पाहत होतीस वर?" मी विचारलं.

"कुठं वर?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता.

मला वाटलं, वाचायचा कंटाळा आला असेल. शाळेतल्या बाईंचीही तक्रार होतीच, हुशार आहे पण लक्ष भलतीकडेच असतं. शुद्धलेखनाच्या वहीत दर दोन ओळींनंतर तीन-चार शब्द गळालेले असायचे. एकदा मीच तिला शुद्धलेखन घालत होते, ती मध्येच पेन धरून बसून राहिली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. पुढचा शब्द लिहायला लागली. धपाटा कशासाठी बसला हे तर सोडाच, तो बसला हेही तिला कळलं नव्हतं, हे मला पुढे उमगलं. आजही तो हात आठवला की मला स्वतःची लाज वाटते.

मी तुमसरला एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. नवरा भाताच्या मिलमध्ये तांदूळ निवडायच्या मशीनवर असतो. धानाचा हंगाम लागला की बाजाराकडचा रस्ता ट्रकांनी भरून जातो. त्या वर्षीच्या हंगामात मी एका संध्याकाळी मुलीला शाळेतून घेऊन येत होते. माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात तिचं दप्तर. दोन्ही बाजू पाहून आम्ही रस्ता ओलांडू लागलो. पलीकडे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की ती शेजारी नाही. मागे वळले. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात लोंबत होते, मान किंचित वर होती. धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक तिच्याकडे येत होता आणि हॉर्न वाजवत होता. ती हॉर्नकडे पाहतही नव्हती.

माझ्या हातातून दप्तर पडलं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला, मागची पोती सरकल्याचा आवाज आला. ड्रायव्हर खाली उतरला. "बाई, पोरगी बहिरी आहे का तुमची? इतका हॉर्न देऊन राहिलो," तो म्हणाला. तेवढ्यात मुलगी भानावर आली, ट्रककडे पाहून दचकली आणि पळत माझ्याकडे आली. "आई, हा ट्रक केव्हा आला?" तिने विचारलं.

त्या क्षणापासून माझ्या मनात जी भीती बसली, ती अजून उठलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिला घेऊन गावातल्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. पंचाहत्तरीचे गृहस्थ, सहसा कमी बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग एका चिठ्ठीचा कागद फाडून मुलीच्या तोंडासमोर धरला. "बेटा, यावर फुंकर मार. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." ती फुंकू लागली. कागद हलत होता. मिनिट झालं असेल, दीड मिनिट झालं असेल, आणि कागद हलायचा थांबला. तिच्या पापण्या फडफडू लागल्या. डॉक्टरांनी तिचा हात उचलून सोडला, तो अलगद मांडीवर पडला. ते घड्याळाकडे पाहत होते. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. मग कागद पुन्हा हलू लागला.

"बस, झालं," डॉक्टर म्हणाले. त्याच कागदावर त्यांनी इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि नागपूरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला. "घाबरू नका. पण उशीरही करू नका," एवढंच म्हणाले. बाहेर पेशंट बसले होते. आम्ही उठलो.

बाहेर येऊन नवऱ्याने चिठ्ठी वाचली. "पेटीट माल," तो अडखळत म्हणाला. "पेटी माल? हे कायचं नाव आहे?" मिलमध्ये दिवसभर माल आला, माल गेला, माल ओला आहे, हेच कानावर पडतं. पेटी त्याला माहीत होती, माल माहीत होता, दोन्ही मिळून पोरीच्या डोक्यात कसे गेले हे त्याला कळेना. मलाही कळेना. स्टँडजवळच्या बाकावर बसून मी ते दोन शब्द मोबाइलवर टाकले. पहिल्याच ओळीत एपिलेप्सी हा शब्द दिसला आणि मी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"मिरगी," मी म्हणाले.

हा शब्द मी आयुष्यात फार थोड्या वेळा उच्चारला असेन. माझं माहेर सिहोऱ्याकडचं. मी सात वर्षांची असताना आमच्या घरी माझी आत्या राहायची. तिला मिरगी होती म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडलं होतं, पण ते कारण आमच्या घरात कोणी बोलत नसे. तिला जमत नाही तिकडे, असं म्हणत. एका सकाळी ती तलावावर धुणं धुवायला गेली आणि परत आली नाही. पाणी गुडघाभरही नव्हतं. मी पाळीवर, तलावाच्या बांधावर, पोचले तेव्हा लोक जमले होते, आणि धुतलेल्या कपड्यांची बादली तशीच भरलेली होती. पाय घसरला, असं सगळ्यांनी ठरवलं. माझ्या आजोबांनीही तेच सांगितलं. मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, तरी मीही कोणी विचारलं की तेच सांगत आले.

नागपूरची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मुलगी न्हाणीत गेली की मी दाराबाहेर उभी राहायची आणि आतून तांब्याचा आवाज येत राहिला पाहिजे असं तिला सांगायची. गच्चीचं दार मी कुलूप लावून बंद केलं. गॅसजवळ तिला येऊ देईना. जेवताना तिच्या घासाकडे बघत बसायची. बघत बसले म्हणून मला दिसू लागलं, की ती दिवसातून वीस-पंचवीस वेळा अशी जाते. आतापर्यंत मी ते पाहिलंच नव्हतं. सगळ्यांत जास्त मला तेच सलत होतं.

वाचनालयात माझ्या टेबलामागे जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. त्यात मी ते दोन शब्द शोधत होते तेव्हा रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त इंग्रजीचे सर समोर उभे राहिले. "काय शोधताय मॅडम?" त्यांनी विचारलं. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली आणि पटकन म्हणाले, "एका ओळखीच्यांच्या मुलीचं आहे."

सरांनी चष्मा वर केला. "हे इंग्रजी नाही, फ्रेंच आहे. इंग्रजांनी जसंच्या तसं उचललं. इंग्रज लोक पेटी माल म्हणतात, फ्रेंच माणूस साधारण पती माल असं म्हणेल. पेटीट म्हणजे लहान. शेवटचा ट बोलायचा नाही. माल म्हणजे आजार, दुखणं, वाईट गोष्ट, सगळंच. लहान आजार."

"लहान?"

"हो. मोठाही असतो. ग्रां माल. त्यात माणूस खाली पडतो, अंग ताठ होतं, झटके येतात. लहानात तसं काही होत नाही. माणूस फक्त क्षणभर जातो." त्यांनी चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाले, "त्या ओळखीच्यांना सांगा, शब्दातच लहान आहे."

त्यांना कळलं होतं. मी मान खाली घालून शब्दकोश मिटला.

दोन दिवस मी त्या 'लहान'ला धरून होते. मग भीती दुसऱ्या बाजूने आली. ट्रक दोन हातांवर थांबला होता, तेव्हा हा आजार कुठे लहान होता? आणि आज लहान आहे तो उद्या मोठा झाला तर? आत्याचा आजार आधी लहानच असेल का, आणि तिच्याही वहीतले शब्द कोणाला गळालेले दिसले नसतील का? हे मी कोणालाच विचारू शकत नव्हते. त्या शब्दाचा मला एकच फायदा झाला, तो सांगायलाही आज संकोच वाटतो. शेजारच्या बाईने विचारलं, जावेने फोनवर विचारलं, की मी सांगायची, "पेटी माल झालं आहे." कोणाला त्याचा अर्थ कळत नसे. ताप असेल, रक्त कमी असेल, असं समजून ते गप्प बसत. फ्रेंच शब्दाच्या मागे मी माझी मुलगी लपवून ठेवली.

शेजारच्या बाईने मात्र एवढं ताडलं की पोरगी मध्येच टक लावून बसते. "बाहेरचं असेल," ती म्हणाली. "सीमेपलीकडं, मध्य प्रदेशात, एक बाबा आहे. एकदाच पाणी मारतो तोंडावर. आमच्या भाचीले गुण आला." मी हसून विषय बदलला. आमचं घर बौद्ध. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे गंडेदोरे काढून टाकले होते, हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं होतं. मी स्वतः शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर बोलले आहे. तरीही तिसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली, नवऱ्याला न सांगता मुलीला घेतलं आणि सीमेवरच्या बपेऱ्याच्या बसमध्ये बसले.

सासर बपेऱ्याजवळच आहे. तिथून सीमेपलीकडे जाणारी गाडी दोन तासांनी होती म्हणून आम्ही घरी गेलो. सासूबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. त्या शिकलेल्या नाहीत, सही तेवढी करतात. नातीला पाहून त्यांना आनंद झाला. मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "आजी, आम्ही बाबाकडं चाललो, तोंडावर पाणी मारायले."

सासूबाईंनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. नातीला पाणी आणायला आत पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून जाऊन राहिली तू तिकडं?"

"मले भेव वाटते, आई." तुमसरला मी अशी बोलत नाही. त्यांच्यासमोर माझी माहेरची बोली आपोआप तोंडात येते.

"कायचं भेव?"

मी सगळं सांगितलं. ट्रक, कागद, चिठ्ठी. आत्याचंही सांगितलं, आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर सासरच्या माणसाला ते मी पहिल्यांदा सांगत होते. बोलताना मला रडू फुटलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"भेव मलेही वाटते," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा मले लोकांनी किती ठिकाणं सांगतली. मी गेली नाही. ते वाचले नाहीत, तरी मले वाईट वाटत नाही त्याचं. तुझ्या आत्याले कोणी डॉक्टरकडं नेलं होतं का?"

"नाही."

"मंग? तिले बाबाकडंच नेलं असंल."

मला आठवलं, आत्याच्या दंडात काळा दोरा होता. एक नव्हता, तीन होते.

"नागपूरले मी येईन तुझ्यासंग," त्या म्हणाल्या. "आता जेवा अन् जा घरी."

त्या दिवशी आम्ही तिथूनच परतलो. नवऱ्याला मी चार दिवसांनी सांगितलं. तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसला, मग म्हणाला, "मले सांगतलं असतं तर मीही आलो असतो तुझ्यासंग. मीही तेच विचार करून राहिलो होतो."

नागपूरला आम्ही चौघं गेलो. मुलीच्या केसांत चिकट मलम लावून बारीक बारीक वायरी चिकटवल्या. तिला कागदाची भिंगरी दिली आणि फुंकायला सांगितलं. भिंगरी फिरत होती तोवर मशीनच्या पडद्यावरच्या रेघा वाऱ्यावरच्या धानासारख्या बारीक हलत होत्या. भिंगरी थांबली आणि सगळ्या रेघा एकदम उंच उसळल्या, एकसारख्या, टोकदार, ओळीने. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे तिच्या डोक्यात चाललं आहे?" मी मान हलवली. मला वाटलं होतं ती त्या वेळी रिकामी होते, कुठेतरी निघून जाते. आत एवढं वादळ असेल असं वाटलं नव्हतं. मी घाबरून पडद्याकडे पाठ केली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि हसल्या. "हा शब्द आता आम्ही लिहीत नाही. माझ्या सरांच्या सरांच्या काळातला आहे."

"फ्रेंच आहे ना?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?" त्यांना बरं वाटलेलं दिसलं. बाहेर गर्दी होती, तरी त्या दोन मिनिटं बोलल्या. पॅरिसमध्ये जुन्या काळी मोठे दवाखाने होते, त्यात अशा आजाराच्या बायका वर्षानुवर्षं राहत. त्या बायका आणि त्यांची देखभाल करणारे आपसात बोलायचे, आज हिला मोठं आलं, तिला लहान आलं. डॉक्टरांनी तेच शब्द उचलले आणि पुस्तकात लिहिले, असं सांगतात. तिथून ते इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून आमच्या गावच्या चिठ्ठीवर आले. "त्याच्याही आधी फ्रान्समधले लोक या आजाराला वरचा आजार म्हणायचे," त्या म्हणाल्या. "वरचा, म्हणजे उंचावरचा."

"आमच्याकडं बाहेरचं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या.

"तेच ते," डॉक्टर म्हणाल्या. "आता आम्ही याला अ‍ॅबसन्स म्हणतो. गैरहजेरी. गंमत म्हणजे तोही शब्द फ्रेंचांनीच दिला." मग त्यांनी औषध लिहिलं, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही, आमच्या मनाने बंद करायचं नाही. पाण्यात एकटी जाऊ द्यायची नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही. बहुतेक मुलांचं मोठं होता होता जातं. "बहुतेक?" मी विचारलं. "बहुतेक," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मी त्या पॅरिसच्या बायकांचा विचार करत होते. आपल्या दुखण्याला त्यांनीच लहान म्हटलं होतं. शेजारच्या खाटेवरची जमिनीवर आपटताना त्यांनी रोज पाहिली असेल, आणि आपलं त्यापेक्षा बरं म्हणून स्वतःची समजूत काढली असेल. माझी भीती त्याने कमी झाली नाही. पण ती फक्त माझीच आहे असं वाटणं थांबलं. नवऱ्याने मध्येच विचारलं, "त्या सरांनी पती माल म्हटलं होतं ना? म्हणजे माझाच माल." मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले.

औषध सुरू झाल्यावर पहिला आठवडा काहीच फरक नव्हता. ती सुस्त राहायची, जेवायची नाही. मी कॅलेंडरवर दर वेळी एक टिंब काढायची. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला चार टिंबं राहिली. दोन महिन्यांनी एक दिवस कोरा गेला, तर मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं. हळूहळू कोरे दिवस वाढले. तिच्या वहीतले शब्द परत आले. आता ती सहावीत आहे. गेल्या दीड वर्षात आम्हाला एकदाही दिसलेलं नाही. औषध चालू आहे.

यंदाच्या हिवाळ्यात तिच्या शाळेची सहल नागझिऱ्याच्या जंगलात जाणार होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, विद्यार्थ्यास काही आजार असल्यास. नवरा म्हणाला, "कोरा ठेव. उगाच पोरीचं नाव होईल. पुढं लग्नाचं पाहावं लागते." मी पेन धरून बसले. पेटी माल लिहावं असं मनात आलं. शिक्षकांना काही कळलं नसतं आणि आम्ही खोटंही बोललो नसतो.

"लिही ना आई," मुलगी म्हणाली. "मी जंगलात थांबली अन् सर पुढं गेले तर?"

मी लिहिलं, मिरगी, लहान प्रकार, औषध चालू. अक्षर माझं नेहमीसारखं आलं नाही. संध्याकाळी वर्गशिक्षकांचा फोन आला. ती मध्येच थांबली तर काय करायचं, असं ते विचारत होते. मी सांगितलं, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, फक्त हात धरून ठेवा आणि थोडं थांबा. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या लहान भावालाही आहे, मॅडम. आम्ही कोणाला सांगत नाही."

सहलीच्या दिवशी मी वाचनालयात होते, पण एकही पुस्तक धड नोंदवू शकले नाही. साडेपाचला मी शाळेसमोर उभी होते, तेव्हा बस आली. ती उतरली, केस धुळीने लाल झाले होते. वाघ दिसला नव्हता, रानगव्यांच्या पाठी दिसल्या होत्या, आणि पाण्याची बाटली ती बसमध्येच विसरली होती. बाटली आणायला ती पुन्हा चढली, तोवर मी वर्गशिक्षकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, काही झालं नाही.

घरी जाताना मी तरीही तिला विचारलं, "कुठं मध्येच थांबली होतीस का ग?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "आई, ते मला कसं कळणार?" ती म्हणाली, आणि माझा हात धरून चालू लागली.